कुणाशी बोलायचंय, ते आधी सांगा

संपादकांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. म्हणाले, "बाई, आमच्या दिवाळी अंकाला प्रभावी भाषणाची सूत्रं लिहून द्या. मुद्देसूद. तरुणांना उपयोगी पडतील अशी." मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर चिडले. सूत्रं कसली डोंबलाची! इतकी वर्षं लोकांची भाषणं लिहिली, पण सूत्र म्हणावं असं माझ्या हाती एकच लागलं आणि तोसुद्धा एक साधा प्रश्न आहे. त्या प्रश्नाचं वजन मला फुलंब्रीकडच्या एका म्हाताऱ्या माणसानं दाखवलं. तेव्हा मुद्देसूदपणा राहू द्या बाजूला, मी आपली मला जमेल तसं सांगते.

आधी माझा धंदा काय ते. मी इथल्याच एका सरकारी कचेरीत लघुलेखिका होते. साहेब बोलायचे, मी उतरवून घ्यायचे आणि टंकून द्यायचे. एक साहेब बोलता बोलता मध्येच हरवायचे. मग ते वाक्य मी माझ्या मनानं पुरं करून टाकायचे. काही दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं, की आपण बोललो त्याहून बरंच काहीतरी कागदावर येतंय. तेव्हापासून ते म्हणायला लागले, "बाई, तुम्हीच लिहा, मी वाचतो." साहेब बदलत गेले, माझं काम तेच राहिलं. ध्वजवंदन, वृक्षारोपण, निरोप, सत्कार, सगळं. मी निवृत्त झाले त्या दिवशी साहेबांनी माझ्याबद्दल जे गौरवोद्गार काढले, तेसुद्धा मीच लिहिलेले होते. "तुम्हाला तुमच्याबद्दल जास्त माहिती," असं ते म्हणाले, त्यात खोटं काय होतं? मी स्वतःला 'कर्तव्यदक्ष' म्हणून घेतलं. 'मनमिळाऊ' लिहिलं होतं ते खोडलं, कारण कचेरीतले लोक हसले असते.

निवृत्तीनंतर वाटलं, सुटले. कसलं काय! पुंडलिकनगरात आमच्या गल्लीत 'भाषणवाल्या बाई कुठं राहतात' विचारलं तर इस्त्रीवालासुद्धा दार दाखवतो. संस्थाचालक येतात, गणेश मंडळाचे अध्यक्ष येतात, निवृत्त होणारे मुख्याध्यापक येतात. पण सगळ्यात जास्त काम असतं ते श्रद्धांजलीचं. बाहेरच्यांना हे सांगायला हवं. आमच्या भागात माणूस गेला, की दहाव्या दिवशी नदीच्या घाटावर विधी होतो. महाराजांचं प्रवचन होतं आणि मग माईकवर श्रद्धांजलीची भाषणं सुरू होतात. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, जिल्हा परिषदेचे आजी-माजी, पाहुण्यांच्या गावचे पुढारी. सूत्रसंचालक एकेकाचं नाव पुकारतो. पुढाऱ्यांना एका सकाळी दोन-दोन, तीन-तीन दहावे गाठायचे असतात, त्यामुळे गाडी चालू ठेवूनच ते बोलायला येतात.

देवगाव रंगारीच्या बाजूचे एक पुढारी माझं लिहिलेलं एकच भाषण गाडीच्या कप्प्यात ठेवून फिरायचे. नाव तेवढं बदलायचे. एका दहाव्याला ते म्हणाले, "ते सदा हसतमुख असत." गेलेला माणूस जन्मात कधी हसला नव्हता. हसणाऱ्याला तो शिव्या द्यायचा. पहिल्यांदा त्याच्या मुलांनीच तोंडाला उपरणं लावलं, मग भाऊबंदांनी, मग सगळ्या घाटानं. पुढारी तणतणत माझ्याकडं आले, "काय लिहून ठेवलंय तुम्ही!" मी विचारलं, "तुम्ही बोलत कुणाशी होता?"

"कुणाशी म्हणजे? लोकांशी."

"लोक म्हणून कुणी नसतं, भाऊ. तिथं त्याची बायको बसली होती, थोरला मुलगा बसला होता. त्यातल्या एकाशी जरी बोलला असता, तरी तोंडातून 'हसतमुख' निघालं नसतं."

त्यांना काही ते पटलं नाही. पण मला माझा प्रश्न सापडला. त्या दिवसापासून माझ्याकडं जो येतो त्याला मी चहाच्या आधी विचारते, कुणाशी बोलायचंय ते आधी सांगा. बाकीचं सोपं असतं. मी गिऱ्हाइकाला समोर बसवून वाचायला लावते. त्याचा दम जिथं संपतो तिथं वाक्य संपवते. जोडाक्षरं काढते, अक्षर मोठं ठेवते. अवघड असतं ते पहिलं वाक्य. म्हणून तर सगळ्यांना सुरुवातीला 'व्यासपीठावरील सन्माननीय' अशी नावांची लांबण हवी असते. नावं चालू आहेत तोवर बोलायला सुरुवात करावी लागत नाही ना!

तर आता त्या म्हाताऱ्या माणसाची गोष्ट.

एक दिवस सकाळी फाटकाशी मोटारसायकल थांबली. पस्तिशी-चाळिशीचा माणूस, दाढी वाढलेली. नाव सांगितलं संतोष. वाळूजला कंपनीत कामाला, गाव फुलंब्रीच्या पुढं. त्याची आई, कौसाबाई, चार दिवसांपूर्वी गेली होती. मी आत या म्हटलं तर म्हणाला, "सुतक हाय बाई. इथंच बरं." सुतकातला माणूस दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकत नाही. मी खुर्ची बाहेर आणली, तर तीही नको म्हणाला आणि फाटकाजवळच्या पायरीवर बसला. दहाव्याला घरच्यांतर्फे त्याला बोलायचं होतं.

"आई कशी होती?" मी विचारलं.

"कष्टाळू. मनमिळाऊ. सगळ्यांना जीव लावणारी."

"संतोषराव, अशा सगळ्यांच्याच आया असतात. तुमची कशी होती?"

तो नखानं पायरी खरवडत राहिला. मग एकदम म्हणाला, "भांडखोर व्हती," आणि स्वतःच दचकला. मग मात्र त्याला थांबवता येईना. बाजाराच्या दिवशी कंडक्टर तिची वांग्याची टोपली गाडीत घेईना, तर ती गाडीसमोर रस्त्यात उभी राहिली. म्हणाली, टोपली तरी वर घे, न्हाईतर मला तरी खाली घे. ड्रायव्हरनंच उतरून टोपली उचलली. सांगताना संतोष हसत होता आणि डोळे पुसत होता. मी म्हटलं, "हे लिहिते. ह्यात तुमची आई आहे."

"आणि वडील?" मीच पुढं विचारलं.

"आबांचं नाव नका घेऊ जास्त."

"का?"

"आबांचं नि आईचं बोलणं नव्हतं."

मला वाटलं, दहा-पंधरा दिवसांचा काही रुसवा असेल. तसं नव्हतं. संतोषचं लग्न व्हायच्या आधीपासून एका छपराखाली राहून ती दोघं एकमेकांशी शब्द बोलली नव्हती. जे काय सांगायचं ते पोराकरवी. त्याची बायको सुनीता घरात आली तेव्हा तिला वाटलं, ह्या घरात सासूनं सासऱ्याशी थेट बोलायची रीतच नसेल, म्हणून तिनं वर्षभर विचारलंसुद्धा नाही. पुढं सगळे निरोप तिच्याकडंच आले. आणि घरात कुणीच नसलं की कौसाबाई शेळीला सांगायची. "शेळे, सांग त्यांना, मोटर बंद करा म्हणावं. पाणी बांधावरून चाललंय." आबा दोन हातांवर बसलेले असायचे. उठायचे, मोटर बंद करून यायचे आणि चौकटीकडं बघून म्हणायचे, "केली म्हणावं."

"कशावरून झालं एवढं?" मी विचारलं.

"जाऊ द्या बाई. जुनं हाय," म्हणून तो उठला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमचे हे फाटक उघडायला गेले आणि परत येऊन म्हणाले, "अगं, कालच्या गिऱ्हाइकाचे वडील आलेत वाटतं." धोतर, टोपी, पायात जाड वहाणा. काळीपिवळी जीपनं शहरात उतरून, रिक्षावाल्याला विचारत विचारत एकटेच आले होते. घरी सांगितलेलं नव्हतं. मुलगा बसला होता त्याच पायरीवर बसले. ह्यांनी पाणी नेलं तर, "सुतक हाय मालक." हे म्हणाले, "आम्हाला चालतं, घ्या." तेव्हा वरून ओतून घेऊन प्यायले.

"बाई, पोराला लिहून देताय म्हनं. मला बी लिहून द्या. मला दहाव्याला बोलायचंय."

खरं सांगते, माझं डोकंच फिरलं. समोरचा माणूस सुतकात आहे, वयानं मोठा आहे, ह्याचंसुद्धा भान राहिलं नाही. म्हटलं, "आबा, बाई जिवंत होती, चुलीपाशी बसलेली होती, तेव्हा एक शब्द बोलला नाहीत. आता ती ऐकायला नाही तर माईकवर बोलणार? गावाला दाखवायला?" हे आतून खाकरले. मी गप्प व्हावं म्हणून ते असेच खाकरतात. मी झाले नाही. "शेळीच्या तोंडून संसार केला त्या बाईनं. तिला काय वाटत असेल?"

आबा रागावले नाहीत. मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "झालं तुमचं बोलून? आता माझं ऐका."

त्यांनी सांगितलं ते असं. गावच्या दूध संस्थेचे ते चेअरमन झाले तेव्हा देवळासमोर सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ आणि मग 'चेअरमनसाहेब दोन शब्द बोलतील.' शाळेतल्या गुरुजींनी भाषण लिहून दिलं होतं आणि आबांनी ते पाठ केलं होतं. शेतात पाणी धरताना म्हणायचे, गोठ्यात म्हणायचे. कौसाबाईनं ते इतक्यांदा ऐकलं की तिलाही पाठ झालं. भाकरी थापताना तीच पुढचं वाक्य म्हणायची आणि दोघं हसायची. पण माईक हातात आला आणि आबांच्या डोक्यातून सगळं पुसलं गेलं. पहिला शब्दच येईना. लोक बघतायत, माईक खरखरतोय आणि आबा उभे. किती वेळ गेला देव जाणे. आणि मग बायकांच्या बाजूनं कौसाबाईचा आवाज आला, "बसा आता खाली. तुमचं काम न्हाई ते."

"सगळं गाव हसलं, बाई," आबा म्हणाले. "मी बसलो. घरी गेलो. तवापसून बोललो नाय."

"अहो, तुमची ती अवस्था बघवली नसेल त्यांना. तुम्ही सुटावं म्हणून म्हणाल्या असतील."

"ते कळलं की मला. कळलं नाय असं नाय." ते वहाणेचा अंगठा चाचपत होते. "पन कळस्तोवर लई दिस झाले व्हते. आधी राग व्हता, दोन-चार म्हैने. मंग राग गेला. पन बोलायला सुरुवात कशी करावी, ते सुचंना. आज बोलू, उद्या बोलू. येवढ्या दिसांनी पहिला शब्द काय बोलायचा? ये म्हनायचं का वाढ म्हनायचं? लई जड झाला तो शब्द. तिला बी तसंच झालं असंल."

मी तोवर उभीच होते, ती खाली बसले. फाटकाच्या आत मी, बाहेर ते.

"दवाखान्यात शेवटल्या दिशी मी खाटंच्या पायथ्याला उभा," ते पुढं म्हणाले. "माझ्याकडं बघती, अन् सुनीताला म्हनती, त्यांना म्हनावं, जेवून घ्या, खानावळ बंद व्हईल. मी सुनीतालाच म्हनलो, जेवलो म्हनावं. जेवलो नव्हतो मी, बाई. अन् बोललो बी नाय. समोर व्हती. हात लावला असता तर लागला असता." मग धोतराच्या सोग्यात तोंड घालून ते रडले. आमचे हे बाहेर येऊन उभे राहिले आणि पुन्हा आत गेले.

माझा राग कुठल्या कुठं गेला. त्याजागी जे आलं ते बरं वाटणारं नव्हतं. थोड्या वेळानं मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, कारण दुसरं काही सुचलं नाही. "आबा, घाटावर पुष्कळ माणूस असेल. तुम्हाला बोलायचंय कुणाशी?"

ते माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मी भलतंच विचारलं. "कुणाशी म्हंजी? जिनं खाली बसवलं, तिच्याशीच. तिच्या देखत उभं ऱ्हायचंय मला."

पुढं ते आणखी दोनदा आले, दोन्ही वेळा चोरून. मी लिहायचे, ते बोट ठेवून वाचायचे. शिकलेले चौथीपर्यंत, पण वाचणं स्वच्छ. पहिल्या मसुद्यात मी माझी सगळी हुशारी ओतली होती. 'कौसाबाईंनी संसाराचा गाडा समर्थपणे ओढला.' आबा थांबले. "हे तिला कळायचं नाय. म्हनंल, कोनचा गाडा? आपल्याकडं बैलगाडी बी नव्हती." गाडा काढला. 'सुखदुःखात सावलीसारखी सोबत केली.' "सावली कामून? उन्हात राबली ती." सावली काढली. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं मी खोडली. माझी वाक्यं अशी पटापट खोडणारा भेटला तो हा एकटाच. शेवटी पाच-सहा ओळी उरल्या. सत्काराच्या दिवशी काय झालं, तिनं का तसं म्हटलं, ते मला उशिरा कळलं आणि माझं चुकलं. बस, एवढंच. पण पहिल्या ओळीवर ते दर वेळी अडायचे. 'कौसा, मी बोलतोय,' अशी ती ओळ होती. त्यांनीच सांगितलेली. 'कौसा' पाशी घशातून आवाजच निघायचा नाही.

संतोषला कुठून तरी कळलं. त्याचा फोन आला. "बाई, तुम्ही आबांना भाषण लिहून दिलं? त्यांच्यानं नाय व्हणार ते. पुन्हा तसंच उभं ऱ्हातील, पुन्हा लोक हसत्याल. त्या हसण्यानं आमच्या घराचं काय झालं ते तुम्हाला काय म्हाईत? आईच्या दहाव्यात मला ते बघायचं नाय. तुम्ही या अन् त्यांना समजावा."

त्याचं चुकत होतं असं मी कसं म्हणू? एकदा हसू झालं ते ह्या माणसाला जन्मभर पुरलं होतं. दुसऱ्यांदा झालं, तेही बायकोच्या फोटोसमोर, तर ते घरी कोणत्या तोंडानं जाणार होते? मी कागदावरची भाषणं लिहिते. माईकसमोर माणसाचं काय होतं ते माझ्या हातात नसतं. "येते," म्हटलं आणि आमच्या ह्यांना घेऊन गेले.

घाटावर बरीच माणसं होती. पुरुष एकीकडं, बायका एकीकडं. मंडपाखाली खुर्चीवर कौसाबाईचा हार घातलेला फोटो होता. कपाळावर मोठं कुंकू, ओठ घट्ट मिटलेले, फोटोवाल्याशीही नुकतीच भांडून बसल्यासारखी. मी तिला तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. फोटोला लागून समईपाशी सुनीता बसली होती, वाऱ्यानं वात विझू नये म्हणून. मी बायकांत पुढं बसले. कावळा लगेच शिवला, त्यात काही विशेष घडलं नाही. प्रवचन झालं. मग श्रद्धांजली सुरू झाली. एका पुढाऱ्यानं कौसाबाईंना वंदन करून तिथून थेट रस्त्याच्या मंजुरीवर उडी घेतली. आणखी एकानं तिला 'मितभाषी' म्हटलं आणि बायकांत खसखस पिकली. संतोष मात्र छान बोलला. टोपलीची गोष्ट सांगितली तेव्हा हसणारे सगळे रडत होते. मला बरं वाटलं. वाटलं, आता ह्यावरच संपावं.

सूत्रसंचालकाच्या यादीत आबांचं नाव नव्हतंच. संतोषनं घालू दिलं नव्हतं. "आता सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून," असं त्यानं म्हणायला घेतलं, तेवढ्यात पुरुषांतून आबा उठले. हातात कागद. जुन्या लोकांना सगळं आठवत असणार.

संतोष पटकन पुढं आला, त्यांच्या खांद्याला धरून हळूच म्हणाला, "आबा, बसा खाली." हळूच म्हणाला, पण माईक जवळ होता. ते 'बसा खाली' सगळ्या घाटावर ऐकू गेलं.

आबांचे गुडघे वाकलेले मी पाहिले. बसत होते ते. आणि मग बायकांच्या बाजूनं, समईपाशी बसलेल्या सुनीताचा आवाज आला. जिनं इतकी वर्षं फक्त दुसऱ्यांचे निरोप पोचवले, ती डोक्यावरचा पदर सावरत, नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "बोलू द्या त्यांना."

संतोषनं हात काढून घेतला. आबा माईकपाशी गेले. कागद उघडला. आणि उभे राहिले.

काहीच येईना. माईक खरखरायला लागला. मी ओठांतल्या ओठांत म्हणत होते, कौसा, मी बोलतोय, कौसा, मी बोलतोय. मागं कुणीतरी खोकलं. कुणीतरी फिसकन हसलंच. संतोषनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं. हे मी करून ठेवलं.

आबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. मग ते वळले. लोकांकडं पाठ करून, माईक तिथंच सोडून, ते चालत फोटोसमोर गेले आणि बोलायला लागले. त्यांची पाठ हलत होती, मान हलत होती, एकदा हात उचलून त्यांनी शेताकडं दाखवलं. आम्हाला शब्द ऐकू येत नव्हता.

"आवाज येत नाय!" मागून कुणीतरी ओरडलं.

फुलंब्रीहून आलेला स्पीकरवाला बिचारा धावत गेला. "चाचा, माइक लो ना, माइक!" म्हणत त्यानं माईक त्यांच्या तोंडापाशी धरला. आबांनी न बघताच तो हातानं बाजूला सारला. पुन्हा कुणी ओरडलं नाही. पुढारी गाडीकडं निघाले होते, तेसुद्धा थांबले. इतका माणूस, आणि नदीकडचा वारा तेवढा ऐकू येत होता. मग आबांचं बोलणं थांबलं. मान जराशी एका अंगाला कलवून ते तसेच उभे राहिले, थोडा वेळ. आणि मग फोटोसमोर जमिनीवर सावकाश खाली बसले.

दोन मिनिटांची स्तब्धता जाहीर करायची राहूनच गेली. कुणाला त्याची आठवणही झाली नाही.

पांगापांग झाल्यावर संतोष माझ्याकडं आला. डोळे लाल, मुंडण केलेल्या डोक्यावर उन्हाचा घाम. म्हणाला, "शेवटाला हसलं नाय कुणी, बाई. पन तुमचं भाषण वाया गेलं." मी म्हटलं, "जाऊ दे. ते त्यांनी आधीच खोडलं होतं." आबांकडं बघितलं तर ते भाऊबंदांच्या पंगतीत जेवायला बसले होते, मान खाली घालून, एकेक घास नीट चावत.

निघताना सुनीता आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आली. फोटोच्या सगळ्यात जवळ तीच होती. विचारू की नको असं करत मी विचारलंच, "काय गं, काय म्हणाले?"

तिनं आधी मागं वळून पाहिलं. मग म्हणाली, "निरोपच की, बाई. एवढ्या दिसांचे राहिलेले. म्हनले, मोटर बंद केलीय. शेळी इकत नाय. त्या दिशी दवाखान्यात जेवलो म्हनलो ते खोटं व्हतं, आज जेवून घेतो."

"आणि शेवटी? थांबले होते ते थोडा वेळ."

सुनीतानं पदर तोंडाला लावला.

"शेवटी इचारलं त्यांनी आत्याबाईंना. म्हनले, कौसा, बसू का आता खाली?"